शिंगराच्या पोटातली पंगत

वीसेक वर्षं मी दुबईत लीद, लेंड्या आणि विष्ठा तपासली. गावी लग्नकार्यात कुणी विचारलं की माझा नवरा "ती लॅबमध्ये असते" एवढंच सांगून विषय तिथल्या उन्हाळ्यावर न्यायचा. कोल्हापूरला प्राणिशास्त्रात एमएस्सी करताना मी गोलकृमी हा विषय घेतला होता. साध्या भाषेत सांगायचं तर जंत. मैत्रिणींनी मासे घेतले, फुलपाखरं घेतली. मला जंत मिळाले, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होते. त्याच जंतांनी मला अल कुसैसमधल्या एका खाजगी पशुवैद्यकीय लॅबमध्ये नोकरी मिळवून दिली आणि पुढे मंदीत आमचं घर पोसलं.

लॅब म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला मल्याळी कॅफेटेरिया. दार उघडून आत काय येईल याचा नेम नसायचा. एकदा थेट अबूधाबीहून, खलिफा सिटीतून एक बाई गाडी चालवत आल्या. मांजरानं ओकलेला जंत त्यांनी डबीत जपून आणला होता. मी मायक्रोस्कोपखाली धरला, तर ती शेवई निघाली. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी मी म्हटलं, मॅडम, जंताला तोंड असतं, याला ते नाही. त्या जरा हिरमुसल्याच.

एक अरब गृहस्थ ससाणा घेऊन यायचे. पक्षी हातमोज्यावर, डोळ्यांवर चामड्याची टोपी. रिपोर्ट होईपर्यंत दोघं खुर्चीत शांत बसून राहायचे. तो ससाणा मांसाचा तुकडा चोचीत घ्यायचा आणि मान झटकून फेकून द्यायचा. मालकांना वाटलं, रुसलाय. त्याच्या घशातून फिरवलेला कापसाचा बोळा मी तपासला, तर त्यात लिंबाच्या आकाराची, दोन्ही टोकांना बूच मारल्यासारखी अंडी. केसाएवढे बारीक जंत आपलं पुढचं टोक घशाच्या अस्तरात दोऱ्यासारखं ओवून बसतात आणि तिथंच खातात. पक्ष्याला भूक होती, गिळवत नव्हतं. हे सांगितल्यावर ते गृहस्थ त्या ससाण्याशी हळू आवाजात अरबीत काहीतरी बोलले. सूर माफी मागितल्यासारखा होता.

आमच्या कामात जादू काही नाही. लिदीचा लहानसा गोळा मिठाच्या घट्ट पाण्यात कालवायचा, गाळायचा आणि थांबायचं. तांदूळ धुताना पोचट दाणे वर येतात, तशी जंतांची अंडी वर तरंगतात. ती काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायची. अंड्यावरून जात कळते आणि जात कळली की तो जंत कुठं बसतो नि काय खातो, हे कळतं. माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न तोच. कुत्र्याच्या आतड्यातला आकडेजंत दातांनी आतडं धरून रक्त पितो. काही जंत आतड्याचं अस्तरच कुरतडतात. मातीतले बिचारे नुसते जिवाणू खाऊन जगतात. हे सगळं मी घरी रंगवून सांगायला लागले की माझी मुलगी ताटावरून मान वर न करता म्हणायची, "आई, प्लीज, नॉट ॲट द टेबल."

२००८ सरलं आणि मंदी आमच्या दारात आली. माझा नवरा एका बांधकाम कंपनीत सिव्हिल इंजिनियर होता. रास अल खोरच्या यार्डात त्यांच्या क्रेन ओळीनं उभ्या राहिल्या, मग माणसंही घरी बसली, आणि त्यांत तोही. ओळखीची कुटुंबं एकेक करून परत निघाली. लोक जाताना फर्निचर विकत होते. जनावरं विकली जात नव्हती. इमारतींच्या जिन्यांत मांजरं दिसू लागली, दवाखान्यांच्या दाराला कुत्री बांधलेली सापडू लागली. ज्यांनी चांगल्या दिवसांत घोडे घेतले होते, त्यांच्यातले काहीजण तबेल्यात घोडा ठेवून देशाबाहेर गेले आणि त्यांनी फोन उचलणं बंद केलं. सोडलेलं जनावर म्हणजे जंतांचं जनावर. आमच्याकडे काम कमी होण्याऐवजी वाढलं. नवरा एकदा चहा घेता घेता म्हणाला, "म्हणजे आता आपण सगळे जंतांच्या जिवावर." चेष्टेतच म्हणाला.

त्याच काळात डॉक्टर इद्रिस भीमरावांना घेऊन आले. डॉक्टर सुदानचे. घोड्यांचे डॉक्टर म्हणून त्यांचं नाव होतं. हिंदी त्यांना अरबी वळणाची यायची आणि मला ते 'सिस्टर' म्हणायचे. भीमराव जत तालुक्यातले, चाळिशी ओलांडलेले, शारजाच्या हद्दीकडच्या एका तबेल्यात मोतद्दार. घरी धनगरवाड्यावर मेंढरं राखलेली, इथं घोडे. तबेल्यात एक घोडी होती, रोझी. तिचा मालक कुठल्यातरी प्रॉपर्टी कंपनीतला गोरा, तो मंदीत निघून गेला. जाताना घोडी गाभण होती, हे त्यानं कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं. रोझीला शिंगरू झालं. मादी. भीमराव तिला चिंगी म्हणायचे.

चिंगी सहाएक महिन्यांची झाली होती आणि वाढत नव्हती. अंगावरचे केस राठ, पोट नगाऱ्यासारखं, बरगड्या उघड्या, मधूनच खोकला. भीमराव लॅबच्या दारात चपला काढून उभे राहिले. मी आत या म्हटलं, मराठीत, तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला.

"ताई, खाती लई," ते म्हणाले, "पर अंगाला लागंना."

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. तबेल्याचा मॅनेजर नबील म्हणत होता की, चारा-दाणा रोज जातो आणि शिंगरू हडकतं, याचा अर्थ भीमराव दाणा बाहेर विकतोय. ज्या घोडीला मालक नाही, तिचा दाणा चोरायला सोपा. त्यानं चार माणसांसमोर तसं सुनावलं होतं आणि व्हिसा कॅन्सल करून घरी पाठवायची तयारी चालवली होती. त्या दिवसांत माणसं कमी करायला कारण हवंच असायचं. इथं तर आयतं मिळालं होतं. भीमराव हे सगळं खाली बघून सांगत होते. घरी जायचं तर जाऊ, पण चोर म्हणून कसं जाऊ, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

डॉक्टरांना आधी वाळूची शंका होती. वाळवंटातले घोडे जमिनीवरचं गवत वेचताना वाळू खातात आणि ती पोटात साठते. लीद रबरी हातमोज्यात घालून पाणी भरायचं आणि मोजा बोटं खाली करून टांगायचा. वाळू असली तर बोटांत उतरते. आम्ही टांगला. बोटांत चिमूटभरच वाळू उतरली. मग मी मिठाचं पाणी काढलं.

काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि मला पुढे बघायची गरजच उरली नाही. गोल, तपकिरी, जाड खरबरीत सालीची अंडी, जिकडे बघावं तिकडे. शिंगरांमध्ये होणारा मोठा जंत. वीतभर, कधी हातभरसुद्धा वाढतो, पेन्सिलीएवढा जाड, सायीच्या रंगाचा. याची अंडी तबेल्याच्या जमिनीला चिकटून वर्षानुवर्षं टिकतात. शिंगरू तोंड लावतं आणि ती पोटात जातात. अळ्या आधी यकृत आणि फुप्फुसं फिरून येतात, खोकला त्याचाच. मग लहान आतड्यात मुक्काम.

भीमरावांना मी मायक्रोस्कोप दाखवला. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं की यांना दात असतात का, आतडं खातात का. मी शेल्फवरची बाटली काढली. जुन्या एका केसमधला तसलाच जंत औषधात ठेवलेला होता. भिंगातून त्याचं टोक दाखवलं: तोंडाला तीन ओठ, बाकी काही नाही.

हा जंत शिंगराला चावत नाही. घोडा गवत चावतो, जठरात घुसळतो, त्याचे पाचकरस त्यातून साखर नि सत्त्व मोकळं करतात. हे सगळे कष्ट घोड्याचे. नंतर ते शिजलेलं अन्न लहान आतड्यात येतं आणि तिथं हा बसलेला असतो, पंगतीत वाढप्याच्या अगदी शेजारी पाट मिळालेल्या पाहुण्यासारखा. त्याचं स्वतःचं आतडं म्हणजे तोंडापासून शेपटीपर्यंत एक सरळ नळी, भिंत एका पेशीच्या जाडीची. पचवायचं फारसं नसतंच, फक्त शोषायचं. अडचण एकच. त्याचं अंग आतल्या पाण्याच्या दाबानं हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखं टणक असतं. त्या दाबानं आतली नळी चपटी होऊन बसते, म्हणून अन्न आपोआप आत जात नाही. त्यासाठी त्याच्या घशात स्नायूंचा पंप असतो. पंप उघडला की अन्न आत ओढलं जातं, पुढचं तोंड मिटतं, आणि पंप ते दाबून आतड्यात ढकलतो. जंत जगतो तो या पंपावर. आणि आतड्याच्या लाटेबरोबर वाहून जाऊ नये म्हणून तो सतत उलट्या दिशेनं वळवळत राहतो. जेवणाच्या जागेवरून उठायचं नाही, एवढंच त्याचं आयुष्य.

भीमराव ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हंजी दाना चोरीला जातोय, ह्ये खरंच हाय की."

त्यांनी खिशातून एक पेस्टची ट्यूब काढली. शेजारच्या तबेल्यातल्या कुणीतरी दिली होती, एका दिवसात पोट साफ होतं म्हणून. उद्याच देतो, म्हणाले. डॉक्टर इद्रिस एरवी मऊ माणूस. त्यांनी ती ट्यूब भीमरावांच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"सिस्टर, इसको समझाओ," ते म्हणाले. "ये देगा तो कल बेबी खलास."

मी समजावलं. जंतांची बरीचशी औषधं त्यांना उपाशी मारतात. फरक पद्धतीत असतो. त्या ट्यूबमधलं औषध जंताचे स्नायू लुळे करतं. घशातला पंप बंद पडतो, अंग सैल पडतं आणि वळवळ थांबते. एखाद-दुसरा जंत असेल तर उत्तम. तो लिदीबरोबर वाहून जातो. पण जेव्हा आतडं जंतांनी भरलेलं असतं, तेव्हा ते सगळे एकाच वेळी सुटतात आणि शिंगराच्या अरुंद आतड्यात गोळा होऊन अडकतात. डॉक्टरांनी असं एक मेलेलं शिंगरू उघडून पाहिलं होतं. आतडं दोरखंड कोंबल्यासारखं होतं आणि एका जागी फाटलेलं. ते सांगताना त्यांनी आपला एक हात दुसऱ्या हाताच्या मुठीत कोंबून दाखवला.

दुसरं औषध जंताच्या आतड्याच्या पेशींवर काम करतं. पंप चालू राहतो, जंत गिळत राहतो, पण त्याला शोषता येत नाही. खातो, पण अंगाला लागत नाही. तो हळूहळू खंगतो आणि एकेक करून सुटतो. हे रोज थोडं थोडं काही दिवस द्यायचं. धीराचं काम. धोका यातही होता, पण कमी. डॉक्टरांनी हेच निवडलं.

नबीलला धीर नव्हता. मालकाच्या थकलेल्या पैशांपोटी त्यानं घोडी विकायला काढली होती आणि एक खरेदीदार येणार होता, आई आणि शिंगरू दोन्ही बघायला. त्याला शिंगरू लवकर गुटगुटीत हवं होतं आणि माझा 'जंत नाहीत' असा रिपोर्ट हवा होता. त्यानं लॅबवर फोन करून मला हबीबी-हबीबी करत विचारलं, मग आवाज चढवला, मग लॅबच्या मालकांना फोन केला. मालक माझ्या टेबलाशी आले. मंदीत एक गिऱ्हाईक तोडणं त्यांना परवडणारं नव्हतं आणि नोकरी जाणं मला. घरी नवरा वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवर खुणा करत बसलेला होता. मी मालकांना उठून मायक्रोस्कोपपाशी नेलं आणि काच दाखवली. ते स्वतः जनावरांचे डॉक्टर होते, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. "काय दिसतं ते लिही," असं म्हणून ते आत गेले. मी लिहिलं.

औषध सुरू झालं. डॉक्टर नाकातून नळी घालून चिंगीच्या पोटात तेलही सोडत होते, वाट गुळगुळीत राहावी म्हणून. सुरुवातीला काहीच पडलं नाही. नबील भीमरावांकडे बघून हसायचा. मग एका दुपारी डॉक्टरांचा फोन आला आणि मी लॅबमधून थेट टॅक्सी करून गेले. खरं तर माझं तिथं काही काम नव्हतं. चिंगी आडवी पडली होती. घामानं भिजलेली, मान वळवून पुन्हा पुन्हा स्वतःच्या पोटाकडे बघत होती. रोझी शेजारच्या कप्प्यात दाराला धडका देत होती. डॉक्टरांनी कान लावून पोटाचा आवाज ऐकला, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, आणि तिला उठवून चालवायला सांगितलं. आतड्यानं सरकवलं तर ठीक, नाहीतर पोट उघडावं लागेल. मालक नसलेल्या शिंगराचं पोट उघडायला कुणी पुढे येणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

भीमरावांनी तिला उभं केलं. शेडच्या सावलीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तिच्या मानेवर हात ठेवून ते तिच्या चालीनं चालत राहिले. ती थांबली की थांबायचे. काहीतरी पुटपुटत होते. मेंढरांशी बोलतात तसं काहीसं. डॉक्टर बादलीवर बसून राहिले. मी उभीच होते. ऊन कलायला लागलं तेव्हा चिंगीनं शेपटी उचलली.

लिदीबरोबर जंत पडले. थोडे नव्हेत, एकमेकांत गुंतलेले, पांढुरके, काही अजून हलत असलेले. भीमरावांनी फावडं आणलं, दुसरी बादली आणली. थोड्या वेळानं पुन्हा पडले. चिंगी अंग झाडून आईच्या कप्प्याकडे गेली आणि फळीच्या फटीत तोंड घालून उभी राहिली. डॉक्टर बादलीवरून उठले, "अल्हमदुलिल्ला" म्हणाले आणि आपला चष्मा पुसू लागले.

बादली नबीलच्या ऑफिसात नेऊन ठेवायची कल्पना माझी. भीमराव नको म्हणत होते. मी नेली. एसीच्या गारव्यात, त्याच्या टेबलावर, अत्तराच्या बाटलीशेजारी.

"तुमचा दाणा खाणारे सापडले," मी त्याला हिंदीत म्हटलं. "मोजून घ्या."

तो खुर्चीसकट मागे सरकला. भीमरावांची माफी त्यानं तेव्हा मागितली नाही आणि नंतरही नाही. फक्त चोरीचा विषय त्या दिवसापासून बंद झाला. भीमरावांना मात्र ते पुरलं नाही. ज्या चार माणसांसमोर त्यांना चोर म्हटलं होतं, त्या चौघांना त्यांनी स्वतः ऑफिसच्या दारातून बादली दाखवली.

पुढच्या आठवड्यांत चिंगीच्या बरगड्या भरायला लागल्या. जमिनीवरच्या अंड्यांतून जंत परत येऊ शकतात. भीमरावांनी कप्पा खरवडून धुतला, रोज लीद उचलली. खरेदीदार आले. अल ऐनकडचे एक वयस्कर अरब गृहस्थ, पायघोळ पांढरा कंदुरा घातलेले, पायात साध्या चपला. त्यांनी घोडीचे दात बघितले, चिंगीच्या पोटावरून हात फिरवला आणि माझा रिपोर्ट मागितला. पहिल्या रिपोर्टपासून शेवटच्यापर्यंत सगळे. नबील अस्वस्थ झाला. त्यांनी सगळे वाचले आणि विचारलं, याला सांभाळलं कुणी? नबीलनं भीमरावांकडे बोट दाखवलं.

त्यांनी दोघींना विकत घेतलं आणि ते भीमरावांनाही घेऊन गेले. यात माझं काही कर्तृत्व नाही. त्यांना माणूस हवा होता आणि नबीलला माणूस कमी करायचा होता, म्हणून कागद लवकर झाले. त्याच तबेल्यातल्या बाकीच्या मोतद्दारांना असं कुणी नेलं नाही. दोघं राजस्थानचे आणि एक साताऱ्याचा, महिन्याभरात घरी गेले. त्यातल्या साताऱ्याच्या माणसानं मला जाण्याआधी लॅबमध्ये येऊन विचारलं होतं, कुठं ओळख आहे का. नव्हती. ते अजून मनात टोचतं.

माझ्या नवऱ्याला पुढच्या वर्षी शारजात काम मिळालं, आधीपेक्षा लहान. आम्ही राहिलो.

अल ऐनच्या त्या तबेल्याचे नमुने मग आमच्याकडेच येऊ लागले. ड्रायव्हर आणून द्यायचा. दोनेक वर्षांनी एकदा भीमराव स्वतः आले, हातात प्लास्टिकचा डबा, वर चिकटपट्टीवर अरबीत लिहिलेलं नाव. चिंगी आता मोठी झाली होती, खोगीर घेत होती. मी नमुना तयार केला आणि त्यांना बसायला सांगितलं. मी काच बराच वेळ सरकवत राहिले. शिंगरं मोठी झाली की तो मोठा जंत सहसा टिकत नाही, शरीरच त्याला हुसकतं, आणि तो दिसलाही नाही. अगदी कडेला एक अंडं सापडलं. वेगळ्या जातीचं, पातळ सालीचं, गवतावर चरणाऱ्या कुठल्याही घोड्यात सापडतं तसं.

मी सांगितलं, एक दिसलं. भीमरावांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच औषधाचं विचारलं. मी म्हटलं, गरज नाही. इतकं कुठल्याही धडधाकट घोड्यात असतं. काचेवर एक दिसलं म्हणजे पोटात एकच असतो असं नाही, पण ते मी सांगत बसले नाही.

भीमरावांनी मायक्रोस्कोपमध्ये वाकून बघितलं. मग डबा धुवायला उचलला.

"येकच हाय न्हवं ताई," ते म्हणाले. "मग जेवूं दे त्याला."